ढगातला बर्फ रामन मायक्रोस्कोपखाली: पहिल्यांदा मोजणाऱ्यांसाठी

रामन मायक्रोस्कोपखाली बर्फ ठेवला की पाच मिनिटांत पडद्यावर एक उंच पीक उभं राहतं. नवख्याला वाटतं, जमलं. खरं तर ते पीक न दिसणंच अवघड. ते नेमकं कुठं उभं आहे, कालच्यापेक्षा का सरकलंय, आणि ढगातल्यासारखा गोठवलेला ज्याला आपण आपला थेंब समजतोय तो खरंच आपला थेंब आहे का, हे उमगायला मला अख्खा पावसाळा गेला. तुमचा एवढा जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

वाचणाऱ्याचं भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र पदवीपर्यंत झालंय आणि विभागातल्या रामन यंत्रावर त्याला स्लॉट मिळतो, असं मी धरून चालतो. २८ फेब्रुवारी १९२८ ची गोष्ट दरवर्षी विज्ञान दिनाला ऐकतोच, ती इथं सांगत नाही. लेसरचा प्रकाश रेणूवर आपटून थोडी ऊर्जा गमावतो आणि ती तूट रेणूच्या कंपनाची वारंवारता सांगते, एवढं पुरे. ही तूट मोजायचं एकक ‘प्रतिसेंटीमीटर’, पण प्रयोगशाळेत सगळे ‘वेव्हनंबर’ म्हणतात. मीही तेच म्हणेन.

आधी प्रश्न ठरवा

बर्फात प्रत्येक पाण्याच्या रेणूला चार शेजारी असतात आणि एका ऑक्सिजनपासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर सुमारे २.७६ अँगस्ट्रॉम. या रेणूंचे थर बनतात आणि थर एकावर एक बसतात. फळवाल्याची मोसंब्यांची रास आठवा. पहिला थर मांडला, दुसरा त्याच्या खळग्यांत बसवला. तिसऱ्यासाठी त्याच्याकडे दोन पर्याय असतात: बरोबर पहिल्याच्या डोक्यावर, नाहीतर उरलेल्या खळग्यांवर. बर्फाचंही तसंच. एक-दोन-एक-दोन असे थर पडले तर षट्कोनी बर्फ, म्हणजे आपल्या फ्रीजरमधला. एक-दोन-तीन-एक-दोन-तीन पडले तर घनीय बर्फ. आणि फळवाल्याचं लक्ष नसेल तसं कधी हे, कधी ते पडलं, तर थरांची सरमिसळ झालेला बर्फ.

ढगांच्या अभ्यासकांना याची पंचाईत का? चंद्रासूर्याला पडणारं नेहमीचं खळं २२ अंशांचं असतं, ते षट्कोनी स्फटिकांमुळे. पण १६२९ मध्ये रोममध्ये ख्रिस्टॉफ शायनरने सुमारे २८ अंशांच्या खळ्याची नोंद केली होती आणि १९८१ मध्ये एडवर्ड व्हॅली यांनी त्याचं श्रेय वातावरणातल्या घनीय बर्फाला दिलं. शिवाय सरमिसळीच्या बर्फाचा बाष्पदाब षट्कोनी बर्फापेक्षा किंचित जास्त असतो, त्यामुळे थंड ढगांत कोणता स्फटिक वाढेल आणि कोणता विरेल याचं गणित बदलतं.

आता कडू गोष्ट. दोन्ही प्रकारांत जवळचे चार शेजारी तेच, तितक्याच अंतरावर. फरक पडतो तो त्यांच्याही पलीकडे. रामनमध्ये मुख्यतः जवळच्या बंधांची कंपनं दिसतात, म्हणून षट्कोनी आणि सरमिसळीच्या बर्फाचे वर्णपट जुळ्या भावांसारखे दिसतात. ‘माझ्या नमुन्यात घनीय थर किती टक्के’ एवढाच तुमचा प्रश्न असेल तर एक्स-रे विवर्तनाकडे जा, रामनवर महिने घालवू नका. गोठलेल्या थेंबात बर्फ कुठं, न गोठलेलं द्रावण कुठं, मीठ स्फटिक होऊन बसलंय की विरघळलेलं आहे, हे एक-दोन मायक्रॉनच्या ठिपक्यागणिक, नमुन्याला हात न लावता पाहायचं असेल तर मात्र रामनसारखं साधन नाही. थरांच्या प्रश्नावर ते साक्ष देतं, निकाल देत नाही.

लेसर

हिरवा, ५३२ नॅनोमीटरचा घ्या. बऱ्याच प्रयोगशाळांत ७८५ चा लेसर आवडता असतो, कारण त्यात फ्लुरोसन्सचा, म्हणजे नमुना स्वतःच चमकून रामनची पिकं झाकण्याचा, त्रास कमी. पण बर्फाची मुख्य खूण ३१४० वेव्हनंबरच्या आसपास असते. ७८५ वर तो प्रकाश १०४० नॅनोमीटरच्या पुढे जातो आणि तिथं सिलिकॉनचा डिटेक्टर जवळपास आंधळा असतो. ५३२ वर तीच खूण ६३९ नॅनोमीटरच्या जवळ येते, डिटेक्टरच्या अगदी सोयीच्या जागी. ‘बर्फाला सिग्नलच नाही’ म्हणून तक्रार आली की मी आधी लेसर कोणता लावलाय ते विचारतो.

शुद्ध बर्फ हिरवा प्रकाश जवळपास शोषत नाही, त्यामुळे नमुन्यावर काही मिलिवॉट चालतात. पण थेंबात काजळी किंवा धूळ असेल, किंवा खाली सिलिकॉनची चकती असेल, तर ती तापते. याची साधी परीक्षा म्हणजे पॉवर निम्मी करून त्याच जागी पुन्हा मोजणं. पीक सरकलं तर आधी आपण बर्फ नाही, तापवलेला बर्फ मोजत होतो.

थंड स्टेज, आणि तिचं खोटं बोलणं

द्रव नायट्रोजनवर चालणारी, वर खिडकी असलेली थंड स्टेज, म्हणजे नमुना ठेवून थंड करायची बैठक, लागते. जोडीला लांब कार्यअंतराचं ५० पटीचं ऑब्जेक्टिव्ह. साधं ऑब्जेक्टिव्ह खिडकीलाच टेकेल. द्रव नायट्रोजन बंद खोलीत हाताळू नका, तो उकळून ऑक्सिजनची जागा घेतो आणि माणसाला कळतही नाही.

स्टेजच्या पडद्यावरचा आकडा म्हणजे धातूच्या ठोकळ्याचं तापमान, तुमच्या थेंबाचं नव्हे. मधे काच आहे, काचेखाली हवेची फट आहे. म्हणून आधी वितळणबिंदू तपासा: शुद्ध पाण्याचा बर्फ ० अंशाला, डोडेकेन उणे ९.६ ला, डेकेन उणे २९.७ ला वितळतं. तिन्हींची छोटी छोटी सॅम्पलं त्याच काचेवर, त्याच जागी ठेवून मिनिटाला एक अंश अशा धिम्या गतीनं तापवा आणि पडद्यावरचा आकडा टिपा. निघालेला फरक वहीत पहिल्या पानावर लिहा. पुढचं सगळं या पानावर उभं आहे, कारण बर्फाचं पीक तापमानाबरोबर सरकतं. उणे १० अंशाला ते ३१४० च्या आसपास असतं आणि द्रव नायट्रोजनच्या तापमानाला ३०९० च्या जवळ. म्हणजे अंशामागे साधारण पाव वेव्हनंबर. तापमानात चार अंशांची चूक झाली तर पीक एका वेव्हनंबरनं हलतं, आणि ज्या सूक्ष्म फरकांवर लोक निष्कर्ष काढतात ते पुष्कळदा एवढ्याच मापाचे असतात.

दहिवराचा सापळा

माझा पावसाळा इथं गेला. जुलैचा महिना, खोलीत एसी असूनही हवा ओली. उणे ४० अंशाला थंड केलेल्या काचेवर या हवेतलं बाष्प येऊन दहिवर बनतं, आणि दहिवर म्हणजेही बर्फच. तीन आठवडे मी ‘माझ्या थेंबाचे’ सुंदर वर्णपट घेत होतो. एकदा थेंब न ठेवता नुसत्या काचेवर मोजलं, आणि तेच सुंदर पीक दिसलं! त्या दिवसापासून रिकाम्या काचेचं माप हे माझं पहिलं माप असतं.

उपाय म्हणून स्टेजमधून कोरडा नायट्रोजन सोडा आणि थंड करण्याआधी निदान १५ मिनिटं तो वाहू द्या. खिडकीच्या बाहेरच्या बाजूवरही एक बारीक झोत ठेवा, नाहीतर तिथं दव साचून प्रतिमा दुधाळ होते.

पण आता उलटी अडचण येते: कोरड्या वायूत थेंबच वाळून जातात. शिवाय एक थेंब आधी गोठला की शेजारचे द्रव थेंब आक्रसायला लागतात, कारण त्याच तापमानाला बर्फावरचा बाष्पदाब अतिशीत (० च्या खालीही द्रवच राहिलेल्या) पाण्यावरच्या बाष्पदाबापेक्षा कमी असतो. पाणी थेंबांतून निघून बर्फाकडे जातं. बर्फ आणि द्रव थेंब दोन्ही असलेल्या मिश्र ढगात बर्फाचे कण असेच फोफावतात, बर्जेरॉन प्रक्रिया म्हणतात ती हीच. ती मायक्रोस्कोपखाली जिवंत पाहायला मजा येते, पण मोजमाप बिघडतं. म्हणून थेंब दोन काचांमध्ये पातळ कडं घालून बंद करा, किंवा सिलिकॉन तेलाखाली ठेवा, आणि कोरडा वायू बाहेरूनच फिरू द्या. तेलाची स्वतःची पिकं २९०७ आणि २९६५ च्या जवळ येतात. बर्फाच्या पट्ट्याला ती चिकटत नाहीत, पण बेसलाइन (पिकांखालची पायाची रेषा) ओढताना तिथं टेकू देऊ नका.

थेंब कशावर ठेवायचा

साधी मायक्रोस्कोपची काच चमकते आणि तिची रुंद टेकाडं वर्णपटात घुसतात. सिलिकॉनची चकती स्वच्छ असते, ५२०.७ ला तिचं पीक आयतं कॅलिब्रेशनला मिळतं. पण तिचा दुसरा पट्टा ९२० ते १००० च्या दरम्यान पसरलेला आहे आणि सल्फेटची खूण बरोबर तिथंच, ९८० च्या आसपास. सल्फेटचे थेंब मोजायचे तर कॅल्शियम फ्लुराइडची खिडकी घ्या. तिचं एकच पीक ३२२ जवळ असतं.

पृष्ठभागावर पाणी पसरू नये म्हणून सिलेन या पाणी झटकणाऱ्या रसायनाचा थर देतात. हा थर नीट बसलाय का ते थेंबच सांगतो. अगदी शुद्ध पाण्याचे २० मायक्रॉनचे थेंब उणे ३६ ते ३८ अंशांच्या पट्ट्यात स्वतःहून गोठायला हवेत. ते उणे २० लाच गोठत असतील तर काच मळलेली आहे, किंवा पाणी. मग त्या दिवशी पुढं जाऊ नका, काच परत धुवा.

कॅलिब्रेशन

सिलिकॉनचं ५२०.७ सगळे पाहतात आणि तिथंच थांबतात. पण आपलं काम ३१०० च्या परिसरात आहे, आणि ५२० ला बरोबर असलेलं यंत्र ३१०० ला दोन वेव्हनंबरनं चुकू शकतं. म्हणून पॉलिस्टायरिनचा एक तुकडा जवळ ठेवा. त्याची पिकं १००१.४ आणि ३०५४.३ ला येतात. दुसरं आपल्या अगदी शेजारचं. हे सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा करा. खोलीचं तापमान बदललं की ग्रेटिंग, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणारी जाळी, हलतं.

गोठवणं आणि मोजणं

खोलीच्या तापमानाला एका थेंबाचा वर्णपट घ्या. ३००० ते ३७०० पर्यंत पसरलेला, दोन वशिंडांचा रुंद डोंगर दिसेल, एक उंचवटा ३२५० जवळ, दुसरा ३४२० जवळ. आता मिनिटाला दहा अंशांनी खाली या आणि दर दहा अंशांनी मोजा. पाणी ० च्या खाली गेलं तरी द्रवच राहील, पण डावीकडचं वशिंड हळूहळू वाढेल. थंड पाण्यात हायड्रोजन बंध घट्ट होत जातात, ते हे. मग एका क्षणी थेंब पडद्यावर काळवंडतो, आतून शेकडो सीमा तयार होऊन प्रकाश विखुरतात, आणि पुढच्या वर्णपटात डोंगराच्या जागी ३१०० ते ३१५० मध्ये ते टोकदार पीक उभं असतं.

फोकस पुन्हा करा. गोठताना थेंब फुगतो आणि फोकस हुकतो. मग एकाच जागी एक लांब माप घेण्यापेक्षा दहा जागी छोटी मापं घ्या. बर्फाचा स्फटिक कुठल्या दिशेनं बसलाय त्यावर पिकांच्या उंचीचं प्रमाण बदलतं, कारण लेसर ध्रुवीकृत असतो. एका जागेच्या उंचीवरून रचनेबद्दल बोलणं म्हणजे गर्दीतल्या एका माणसाला विचारून निवडणुकीचा निकाल सांगणं.

पडद्यावर काय दिसतंय

मुख्य पीक म्हणजे ओ-एच बंधांचा ताण; पुष्कळ रेणू एका तालात ताणले जातात त्याचं. त्याच्या उजव्या उतारावर ३२२० आणि ३३३० च्या आसपास दोन खांदे असतात. १६५० जवळचं वाकण्याचं पीक इतकं अशक्त की शोधत बसू नका. ५०० ते १००० मध्ये रेणूंच्या डोलण्याचा बुटका पट्टा. आणि डावीकडे २१० ते २३० च्या दरम्यान स्फटिकाच्या जाळीचं पीक. हे दिसायला यंत्रातला फिल्टर १०० च्या खाली उघडणारा हवा. काही जुन्या यंत्रांत हा भाग सरळ कापलेला असतो.

सगळ्यात मोठा मोह वक्ररेषा बसवण्याचा. ओ-एचच्या पट्ट्यात सॉफ्टवेअर पाच गॉसियन (घंटेच्या आकाराच्या वक्ररेषा) आनंदानं बसवून देतं. सहा म्हणालात तर सहा. बर्फात शेजारच्या रेणूंची कंपनं एकमेकांत गुंतलेली असतात, त्यामुळे ‘हे गॉसियन म्हणजे हा बंध’ असा हिशोब लागत नाही. हा गुंता सोडवायचा तर साध्या पाण्यात काही टक्के जड पाणी (हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम, म्हणजे डी, असलेलं) मिसळा. मग विखुरलेले ओ-डी बंध एकटे पडतात, त्यांना जोडीला कुणी नसतं, आणि २४२० च्या आसपास एक स्वच्छ पीक मिळतं. खर्च थोडा वाढतो, पण डोकेदुखी निम्मी होते.

थरांची साक्ष कशी काढायची

२०१२ मध्ये लीड्सच्या बेंजामिन मरे यांच्या गटानं दाखवलं की साधारण एक मायक्रॉनचे थेंब सुमारे २३२ केल्विनला गोठतात तेव्हा बनतो तो शुद्ध घनीय बर्फ नसून थरांची सरमिसळ झालेला बर्फ असतो. त्याआधी कित्येक वर्षं अशाच बर्फाला ‘घनीय’ म्हटलं जात होतं. जवळपास शुद्ध घनीय बर्फ थेट २०२० मध्ये इटली आणि जपानमधल्या दोन गटांनी बनवला, तोही हायड्रोजन कोंडलेल्या उच्च दाबाच्या बर्फातून. तेव्हा थेंब गोठवून ‘मला घनीय बर्फ मिळाला’ असं लिहिण्याआधी दोनदा थांबा.

२०१४ मध्ये क्रिस्टोफ साल्झमन यांच्या गटानं सरमिसळीची खूण ताणाच्या कंपनांच्या पट्ट्यात दिसते हे दाखवलं. ती तुमच्या यंत्रावर पकडायची रीत साधी आहे, चिकाटी मात्र हवी. गोठलेला थेंब उणे १०० अंशापर्यंत थंड करा आणि मोजा. मग उणे २५ पर्यंत तापवून अर्धा तास ठेवा. थर हलून षट्कोनी रचनेत बसतात. परत उणे १०० ला आणा, त्याच जागी, त्याच पॉवरनं मोजा. पहिल्यातून दुसरा वजा करा. दोन्ही मापांचं तापमान एकच असल्यामुळे पीक सरकण्याचा संशय जातो आणि उरतो तो रचनेतला बदल. हेच सगळं आधीपासून षट्कोनी असलेल्या बर्फावरही करा. तिथंही काही उरलं, तर तो दोष तुमच्या यंत्राचा.

आणि २०-३० मायक्रॉनच्या थेंबात काहीच फरक दिसला नाही तर निराश होऊ नका. मोठा थेंब गोठताना सुटणाऱ्या उष्णतेनं क्षणभर ० अंशाच्या जवळ तापतो आणि सरमिसळ जागच्या जागी बऱ्याच अंशी पुसली जाते. छोटे थेंब हवेत, आणि मग ठिपक्याचा आकार थेंबाएवढाच होतो. इथं रामनची मर्यादा स्वतःच समोर येते.

मीठ घालून पाहा

माझ्या मते रामनची खरी कमाई इथं आहे. ढगातला थेंब शुद्ध नसतो. समुद्री मीठ, अमोनियम सल्फेट, नायट्रिक आम्ल असं काही ना काही त्यात असतं. बर्फ गोठताना हे सगळं बाहेर ढकलतो आणि स्फटिकांच्या सांध्यांत दाट द्रावणाच्या शिरा उरतात. एक मायक्रॉनच्या पावलानं नकाशा काढा: प्रत्येक ठिपक्यावर बर्फाच्या ३१४० च्या भागाचं आणि द्रावणाच्या ३४२० च्या भागाचं गुणोत्तर. शिरा चित्रासारख्या उमटतात. सल्फेटचं ९८० आणि नायट्रेटचं १०४८ च्या आसपासचं पीक त्या शिरांतच मिळेल, बर्फाच्या पोटात नाही.

मिठाचं द्रावण असेल तर उणे २१.२ अंशाच्या खाली जाऊन वाट पाहा. कधीतरी शिरेतलं द्रावण मिठाच्या एका एककामागे पाण्याचे दोन रेणू असलेला स्फटिक बनून बसतं आणि ३४०० ते ३५४० च्या दरम्यान बारीक, सुयांसारखी पिकं उगवतात. रुंद डोंगरातून सुया निघताना पाहिल्या की विद्यार्थी हमखास फोटो काढतात. कधी हे उणे २१ ला लगेच होतं, कधी उणे ४० पर्यंत होत नाही. ती नोंदही कामाची आहे, कारण ढगातला कणही असाच अडून बसतो.

गारा मिळाल्या तर

मराठवाड्यात, विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट होते. २०१४ ची अजून कुणी विसरलेलं नाही. पिकाची राख होते आणि आपण नमुने गोळा करतो, हे मनाला बोचतंच. पण हातात येणारा वातावरणातला बर्फ म्हणजे गार. पडल्यावर मिनिटाभरात स्वच्छ पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका, हातानं धरू नका. थरांची सरमिसळ तिथं शोधायला जाऊ नका, ती कधीच मोडलेली असते. पाहायच्या त्या दोन गोष्टी: आतली धूळ आणि हवेचे बुडबुडे.

गारेचा पातळ काप थंड पेटीतच काढा. धुळीचा कण शोधून त्यावर पॉवर अगदी कमी ठेवून मोजा, नाहीतर कण तापून भोवतीचा बर्फ वितळवतो आणि कण तुमच्या डोळ्यांदेखत पाण्यात तरंगायला लागतो. बुडबुड्यात फोकस केला की २३३१ ला नायट्रोजनचं आणि १५५६ ला ऑक्सिजनचं पीक येतं. पहिल्यांदा पाहून मी उड्या मारल्या होत्या. मग लक्षात आलं की ऑब्जेक्टिव्ह आणि खिडकी यांच्यामधल्या हवेतही हेच दोन वायू आहेत. बुडबुड्यात एक माप, त्याच खोलीवर शेजारच्या भरीव बर्फात दुसरं माप, आणि वजाबाकी. उरेल ती गारेतली हवा.